फुकट नको म्हणणाऱ्या बाई

"फुकट हाय का? मंग राहू द्या," असं म्हणत बाईंनी हातातली भरलेली पायली परत आमच्याच पोत्यात ओतली.

निजामी अंमलातली गोष्ट. पाऊस हुकलेल्या वर्षी मानवतच्या आमच्या सेवा मंडळानं गरिबांना ज्वारी वाटायला काढली होती. मी मंडळाचा कारकून. या बाई वालूरकडच्या, धनगराच्या विधवा. मी चिडून विचारलं, "मग रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"देणारी मानसं कशी हायती, ते बगाया. काम देता का? लोकर घरची हाय, माग न्हाई."

आमच्या वकील अध्यक्षांना दान देण्याची सवय होती, काम देण्याची नव्हती. तरी आठ दिवसांत मंडळाच्या अंगणात घोंगड्यांचा माग बसला आणि अकरा गरीब घरच्या बाया कामाला लागल्या. अध्यक्ष भाषणाला आले, की बाई त्यांच्या मांडीवर लोकर ठेवायच्या. "बोला की, पर हात चालू द्या." भाषणं तुम्हीही पुष्कळ ऐकली असतील. लोकर निवडत केलेलं भाषण फार लवकर संपतं.

एके दिवशी पोलीस जमादार आला. राजकारण शिजेल या भीतीनं तेव्हा चार माणसं जमवायलाही सरकारची परवानगी लागे. "बिना इजाजत जलसा? ताला ठोकता मैं!" तो गरजला. कुलूप पडलं तर अकरा चुली विझणार होत्या.

बाई अंगणात ताणलेल्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "दादा, खुंटी निघायलीय. एवढं टोक धरा. सोडू नका, समदा गुंता व्हईल."

जमादारानं धरलं. मग सोडायची सोय राहिली नाही. घटकाभर तो उन्हात उभा राहून अकरा जणींच्या सासवांच्या कागाळ्या ऐकत होता. सुटका झाल्यावर खळीचे हात पुसत त्यानं वर पाठवायचा अहवाल मलाच सांगितला, "लिखो. इधर सियासत नै. सब सास की बातां हैं."

इथलं काम मार्गी लागलं तशा बाई पालमला गेल्या. तिथं त्यांनी दुसरा माग बसवला, नव्या बाया जमवल्या, आणि निजामाचं राज्य जायच्या आधीच तापानं गेल्या.

मी समाचाराला पालमला गेलो. आत रडारड असेल म्हणून दारातच थबकलो. पण आतून मागाचा आवाज येत होता. मागावर बसलेल्या त्या नव्या बायांपैकी एकीनं पदरानं डोळे पुसले, धाग्याचा धोटा पलीकडं टाकला आणि म्हणाली,

"बसा जरा. एवढी पट्टी होऊ द्या, मंग रडू."