यल्ला हिंद : फुजैरा ते अबुधाबी, एका बर्फावरच्या सामन्यासाठी

वाळवंटात बर्फावरची हॉकी बघायला जाण्याची कल्पना माझी नव्हती. ती हिंदची होती.

हिंद माझ्या ऑफिसात समोरच्या टेबलावर बसते. फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल भरून देणाऱ्या आमच्या कंपनीत मी बिलं बघते आणि ती बोटींचं वेळापत्रक. शुक्रवारी काम संपलं की एक भलीमोठी बॅग गाडीत टाकून ती अबुधाबीला निघते. माहेरी जात असेल, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. मग कळलं की ती अमिरातीच्या राष्ट्रीय आइस हॉकी संघात खेळते आणि बॅगेत कपडे नसून चिलखत असतं. हिंद हे इकडे मुलींचं सर्रास नाव आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरून गोंधळ आहे.

माझी मुलगी इरा अकरा वर्षांची आहे, जन्म फुजैराचा. तिला बर्फावर उभं राहायला हिंदनेच शिकवलं, दुबईच्या एका मॉलमधल्या रिंकवर. यंदा आशियातल्या देशांची मुलींची स्पर्धा अबुधाबीत होती. उपांत्य सामना अमिराती विरुद्ध भारत, जिंकेल तो अंतिम फेरीत. यजमानच जिंकणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. हिंदचा गुडघा कुरकुरत होता, त्यामुळे ही तिची शेवटची स्पर्धा होती. "तुमच्या मुली छान खेळतात," असं ती मला हिंदीत म्हणाली, पण पाहुण्यांच्या मुलाचं तबलावादन ऐकून आपण ज्या स्वरात वा म्हणतो त्या स्वरात.

मी चूक एवढीच केली की हे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

आमच्या फुजैरा मराठी मंडळाचे अध्यक्ष सबनीस साहेब एका तेल टर्मिनलवर मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी जेवायच्या सुट्टीत बस ठरवून टाकली. हॉकीत आपण कुणाला ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही हॉकी बर्फावर असते, असं कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर ग्रुपवर दोघा-तिघांनी आपले मेसेज पुसून टाकले. संध्याकाळी साहेबांनी बॅनरचा मजकूर पाठवला: 'हार-जीत गौण, तुम्हीच आमची शान'. सांत्वनाचं भाषणही तयार होतं. पराभवाची इतकी चोख तयारी मी आजवर कुठल्याही मंडळात पाहिलेली नाही.

रविवारी सकाळी निघालो. माझा नवरा बोटीवर ड्युटीला होता, म्हणून मी, इरा आणि सांगलीहून व्हिजिटवर आलेले माझे सासरे, आप्पा. फुजैराहून डोंगरातून जाणारा रस्ता जरूर दिवसा करा. काळेकरडे, एकही झाड अंगावर नसलेले डोंगर आणि त्यांच्या पोटातून जाणारे बोगदे. बोगदे संपले की अचानक लाल वाळू सुरू होते. धैदजवळ करक चहासाठी, म्हणजे इकडच्या दाट दुधाच्या कडक चहासाठी, थांबलो. दोन दिरहम. आप्पांनी मोठ्याने त्याचे पन्नास रुपये केले आणि उरलेला चहा घोट-घोट, पन्नास रुपयांच्या हिशेबाने प्यायले.

बसमध्ये सबनीस साहेबांनी इराला विचारलं, आज कोण जिंकणार. ती मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "हिंद, ऑफ कोर्स." साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, परदेशात वाढूनही असे संस्कार टिकतात. मी खिडकीबाहेर उंट बघत बसले. आप्पांनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं. हिंद आमच्या घरी उकडीचे मोदक खाऊन गेली होती, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं.

दुबईच्या टोकाला, जबल अलीला बस पुन्हा थांबली. गोदामांत काम करणारी चिपळूण-खेडकडची दहा-बारा मुलं तिथे चढली. गणपतीला ही मुलं फुजैरापर्यंत येतात, तेव्हा मंडळाच्या हॉलच्या दाराशी उभी असतात आणि जेवणाच्या पंगतीला शेवटी बसतात. आज त्यांना खास आमंत्रण होतं, कारण घोषणांना आवाज लागतो आणि मंडळातल्या व्यवस्थापकांच्या आवाजाला एसीची सवय झालेली. त्यांना मागच्या सीट दिल्या. त्यांच्यातला संतोष माझ्या मागेच बसला. बर्फ खरा असतो का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला की आठवड्याची सुट्टी आहे, थंड जागी बसायला मिळतंय, कोण जिंकतंय ते नंतर बघू. सामना बघायला जाण्याचं याहून प्रामाणिक कारण त्या बसमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

अबुधाबीच्या अलीकडे वेगमर्यादा वाढते आणि सगळ्या गाड्या आपल्याला ओव्हरटेक करून जातात, घाबरू नका. रिंकवर जाणार असाल तर स्वेटर, मोजे आणि कानटोपी न्याच. बाहेर पार्किंगमध्ये चप्पल डांबराला चिकटत होती आणि आत श्वासाची वाफ दिसत होती. आप्पा सांगलीहूनच कानटोपी घेऊन आले होते. आखातात कानटोपी कशाला, म्हणून विमानतळावर मी त्यांना हसले होते. आता अख्खं मंडळ त्यांच्या कानांकडे आशेने बघत होतं.

लॉबीत भारताची जर्सी न चढवलेल्या, साध्या जॅकेटमधल्या काही मुली भिंतीला टेकून चहा पीत उभ्या होत्या. लडाखच्या मुली. सबनीस साहेब त्यांच्याजवळ गेले आणि एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारू लागले, इंडिया टीम कुठे भेटेल. त्यातली एक, जिच्या पायांना खांबासारखी जाड पॅडं बांधलेली होती, कप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "हम ही हैं, अंकल."

साहेबांनी लगेच हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. बॅनर मात्र त्या क्षणी त्यांच्याकडून उघडला गेला नाही. ती मुलगी भारताची गोलकीपर होती.

नियम थोडक्यात सांगते. दोन्हीकडे गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, तीन सत्रं, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती, जी पहिली दहा मिनिटं तुम्हाला दिसतच नाही. लोक ओरडले की आपण ओरडायचं. आम्ही तेच करत होतो. इरा उभी राहून ओरडली, "यल्ला हिंद!" यल्ला म्हणजे अरबीत 'चल, हो पुढे'. सबनीस साहेबांना ती घोषणा भयंकर आवडली. स्थानिक भाषेचा मान राखून देशाचा जयजयकार, असं त्यांनी शेजारच्यांना समजावलं आणि हात उंचावला. जबल अलीची मुलं छाती भरून ओरडली. सगळं स्टेडियम आमच्याकडे बघायला लागलं. खाली बर्फावर हिंदनेही हेल्मेट वर करून बघितलं. भारतीयांचा एक आख्खा घोळका तिच्या नावाने घसा फोडत होता. तिने स्टिक उंचावून आम्हाला सलाम केला, पुढच्याच मिनिटाला चकती घेऊन तीन मुलींमधून वाट काढली आणि गोल केला.

इरा सीटवर चढून नाचायला लागली. मंडळ एकमेकांकडे बघायला लागलं. नेमकं काय झालं हे कुणाच्या लक्षात येईना. दुसऱ्या सत्रात हिंद काचेजवळून गेली, तेव्हा साहेबांनी तिच्या पाठीवरची इंग्रजी अक्षरं वाचली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ही तुमच्या ऑफिसातली का. मी हो म्हटलं. त्यांनी घोषणा ताबडतोब बदलण्याचा आदेश मागे पाठवला. मागून संतोष म्हणाला, "दोन्हीकडून चालतंय की साहेब. ऱ्हाऊ दे."

आणि ती राहिलीच.

त्याच सत्रात भारताने बरोबरी केली. खरं सांगायचं तर तो गोल कसा झाला हे मला दिसलं नाही; जाळीसमोर पाच-सहा जणी एकमेकींवर पडल्या आणि उठल्या तेव्हा चकती आत होती. तिसऱ्या सत्रात यजमानांनी हल्ल्यामागून हल्ले केले. ती जाड पॅडांची गोलकीपर कधी पाय पसरून, कधी पोटावर पडून सगळं अडवत राहिली. मग सामना संपायला थोडा वेळ असताना भारताची एक बुटकीशी मुलगी एकटीच सुटली. तिच्या मागे हिंद होती. गुडघा धड असता तर हिंदने तिला गाठलं असतं. नाही गाठता आलं. दोन-एक.

यजमानांनी आपली गोलकीपर बाहेर काढून एक जास्तीची खेळाडू उतरवली. साहेबांना वाटलं ती रागावून निघून गेली. शेवटचा फटका हिंदचाच होता. आमच्या गोलकीपरने तो ग्लोव्हमध्ये धरला आणि चकतीवर तशीच आडवी पडून राहिली, भोंगा वाजला तरी.

मग काय, आमच्या स्टँडमध्ये उधाण आलं. मी स्वतः कुणाच्यातरी गळ्यात पडले होते. शुद्धीवर येऊन बघितलं तर इरा खाली वाकून, तोंड ओंजळीत लपवून रडत होती. बाजूच्या एका काकू म्हणाल्या, आनंदाश्रू. इराने मान वर केली आणि म्हणाली, "आय वॉन्टेड हिंद टू विन." तेवढ्यात सबनीस साहेब आले. भारत जिंकल्यावर भारतीय मुलगी रडते हे बरं नाही, असं काहीतरी ते सांगू लागले, तेव्हा आप्पांनी कानटोपी काढून इराच्या डोक्यात घातली, कानांवरून नीट खाली ओढली, आणि साहेबांना म्हणाले, "तिचं माणूस हरलंय. रडू द्या."

मला त्या क्षणी काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. मी जिंकले होते आणि माझी मुलगी हरली होती, एकाच सामन्यात, शेजारी-शेजारी बसून.

पुढचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. बॅनर घडी करून पिशवीत गेला. सांत्वनाच्या भाषणातले 'जरी' आणि 'तरी' गाळल्यावर ते विजयाचं भाषण म्हणून छान चाललं. आम्हाला खात्री होतीच, हे एक वाक्य नवीन. घामाने निथळणाऱ्या मुलींना शाल आणि श्रीफळ. नारळाचं काय करायचं, असं गोलकीपरने विचारलं. फोटोत ती तो दोन्ही हातांत घट्ट धरून उभी आहे, सवयीने.

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या. इरा आप्पांच्या खांद्यावर झोपली होती.

दोन दिवसांनी अंतिम सामना होता. मंडळाची बस नव्हती. कामाचा दिवस, आणि समोरचा संघ फारच तगडा. आता हरणार हे उघड आहे, मग कशाला, असं ग्रुपवर ठरलं. मी रजा टाकली आणि इराला घेऊन साध्या बसने, दुबईत बदलून गेले. वेळ बराच जातो, पण तिकीट स्वस्त आहे आणि मधे जेवता येतं.

आधीचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना अमिरातीने जिंकला. हिंद गळ्यात कांस्यपदक आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी घेऊन लंगडत आमच्या शेजारी येऊन बसली. मी मनात शब्द जुळवत होते: अभिनंदन म्हणावं की सॉरी. तीच बोलली. उपांत्य सामन्यानंतर हस्तांदोलनाच्या रांगेत भारताच्या गोलकीपरने तिला विचारलं होतं की तुमच्याकडे बर्फ वर्षभर असतो का. हिंदने हो सांगितलं. ती मुलगी म्हणाली, आमच्याकडे दोन महिने, तळं गोठलं तर.

"मग तुला हरल्याचं वाईट वाटलं नाही?" मी विचारलं.

"खूप वाटलं," हिंद म्हणाली. "अजून वाटतंय."

सामना सुरू झाला. भारत सहा-शून्यने हरला. स्टँडमध्ये भारताच्या बाजूच्या आम्ही तिघीच होतो. चौथ्या गोलनंतर माझा आवाज गेला, पाचव्यानंतर इराचा. हिंद मात्र गुडघ्यावरची पिशवी बाजूला टाकून उभी राहिली आणि शेवटचा भोंगा वाजेपर्यंत खालच्या त्या गोलकीपरला अरबीत, हिंदीत आणि इराकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत ओरडून सांगत होती की ऊठ, अजून वेळ आहे.