टपाल बघायचं काम

आमच्या सातपूरच्या कारखान्यात एक कपाट आम्ही वर्षातून एकदाच उघडतो, खंडेनवमीला. त्यात यंत्रांच्या पूजेचं सामान असतं. गेल्या खंडेनवमीला बाबांनी ते उघडलं, तर हळदीकुंकवाच्या डब्यांखाली तीन सरकारी लखोटे, न फोडलेले. शेवटच्यात न्यायाधिकरणाचा आदेश होता: कंपनी गुंडाळा. आमच्याकडे पैसे थकलेत म्हणून एका जुन्या व्यापाऱ्याने अर्ज केला होता. तो वाद केव्हाच मिटलेला, पण तारखांना आमच्याकडून कुणी गेलंच नाही, म्हणून निकाल एकतर्फी.

लखोटे तिथे ठेवले होते आमच्या रखवालदार काकांनी. काका मूळचे हरसूलचे, कारखान्यातच राहतात, वाचता येत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर मी त्यांना नको नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "सिंहाचा शिक्का व्हता, ताई. पायदळी जाया नको म्हणून देवापाशी ठेवला."

गंगापूर रोडच्या वकीलबाई म्हणाल्या, आदेश रद्द होईल, पण नोटिसा का कळल्या नाहीत ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागेल. 'अशिक्षित नोकराचा निष्काळजीपणा' असं त्यांनी लिहूनही टाकलं. बाबांनी ते खोडलं. कंपनीचं नोंदणीपत्र आलं तेव्हा त्यांनीच ते या कपाटात ठेवून काकांना सांगितलं होतं, सरकारचा कागद जपायचा. "सवय मी लावली. चूक माझी लिहा."

लखोटे काकांनी ठेवलेले, म्हणून त्यांचाही अंगठा लागणार होता. त्यांना मजकूर वाचून दाखवला, तर ते अंगठाच देईनात. "दादांची चूक नाय. खोट्यावर अंगठा नाय देणार." हॉटेलात बिल कोण देणार यावरून भांडावं, तसे दोघं म्हातारे त्या चुकीवरून भांडत बसले.

मी मान खाली घातली. दिवसभर ऑफिसात मी असते, टपाल बघायचं काम माझं. काकांना रोज "काही आलंय का?" एवढं विचारायला मला काय धाड भरली होती? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती.

"माझं नाव लिहा," मी वकीलबाईंना म्हटलं.

मुंबईला न्यायाधिकरणात आदेश रद्द झाला. परतल्यावर मी काकांच्या पाया पडले, चुकलं म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"कंपनी ऱ्हायली ना? मग आता गाठोडं सोडतो."

खंडेनवमीपासून त्यांचं सामान बांधलेलं होतं. आणि रोज सकाळी ते आमचं गेट उघडत होते.