सारंगमामूंचं भ्या

सारंगमामूंइतका उघडपणे घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आखातातल्या आमच्या गॅस प्लांटवरच्या सकाळच्या मीटिंगला सगळे छाती काढून उभे असत. मामू मात्र हात वर करून सांगत, "आज मला भ्या वाटतंय." मग कारण देत. वारा फिरलाय. शिडीचा बोल्ट सैल आहे. पोरं हसत, त्याचं त्यांना काही नसे.

मामू दापोलीकडचे. तरुणपणी बोटीवर होते, म्हणून इथल्या कोकणी मंडळींनी नाव ठेवलं सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. माणूस टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासायची आणि परमिटवर सही करायची, हे त्यांचं काम. मी नाशिकची, नवी इंजिनियर. अल खोरहून आम्ही कंपनीच्या एकाच बसने जायचो. ड्रायव्हरला डुलकी लागेल या भीतीने मामू त्याच्या मागे बसून सारखे बोलत राहत.

एका ऑगस्टमध्ये मला टाकीत उतरून आतले वेल्ड बघायचे होते. टाकीच्या तोंडाशी मीटरचा आकडा ठीक होता. मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते, "यल्ला, लवकर खलास करा." मामूंनी सही केली नाही.

"बाय, तळाची हवा परत बघतो. लांब नळी आणायला सांगितलीय."

मी चिडले. "मामू, तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते."

ते रागावले नाहीत. बसच्या सावलीत मला बसवून त्यांनी जे सांगितलं, ते मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांची बोट अमेरिकेच्या एका बंदरात लागली होती. मामू आणि त्यांच्याच गावचा युसूफ दुपारी बेसबॉलचा सामना बघायला गेले. मोठ्या क्लबांचा, पगारी खेळाडूंचा सामना. बोट संध्याकाळी सातला सुटणार होती. ठरलेले नऊ डाव झाले, दोन्ही बाजू बरोबरीत. तिथे बरोबरीवर सामना सोडत नाहीत, निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. दहावा झाला, अकरावा झाला. लोक उठून जाऊ लागले. मैदानावरचे दिवे लागले.

"दहाव्यापासनं मला वाटत होतं, बोट चुकणार," मामू म्हणाले. "पण बोललो नाय. युसूफ हसला असता. तेराव्या डावाला त्यानंच घड्याळ बघितलं."

दोघे धावत धक्क्यावर पोचले तेव्हा शिडी वर घेतली होती. वरून कुणीतरी दोर सोडला. मामू चढले. मागून येणाऱ्या युसूफचा हात सुटला आणि तो धक्का आणि बोट यांच्या मध्ये पडला.

"भ्या वाटत होतं, ते मी सांगितलं नाय," मामू म्हणाले. "तवापासनं सांगतो."

तेवढ्यात नळी आली. मामूंनी ती तळापर्यंत सोडली. काही सेकंदांत मीटर कर्कश वाजायला लागला. तळाशी विषारी वायू साचला होता. मामू माझ्या शेजारी उभे होते. परमिट त्यांनी सही न करताच खिशात घातलं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निघायच्या दिवशी भरलेली बॅग पुन्हा पुन्हा उघडत होते. मी विचारलं तर म्हणाले, "युसूफची आई आमच्या शेजारीच ऱ्हाते. तिला मी सांगितलं होतं, काम करताना पाय घसरला. खेळापायी उशीर झाला, हे सांगितलं नाय. आता रोज तोंड दाखवायचं. लई भ्या वाटतंय, बाय."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सांगितलं तिला."

"काय म्हणाल्या?"

"लई वेळ तसबीहचे मणी ओढत बसली. मग इचारलं, त्या दिवशी माझा पोरगा जेवला होता काय?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"भरपेट जेवला होता, म्हटलं." मग म्हणाले, "मला आठवत नाय, बाय. तेवढं एक खोटं ऱ्हायलं."