झाकून ठेवलेला कॉम्प्युटर

जून १९८५ मध्ये मी मालवण तालुक्यातलं गाव सोडलं आणि घाटकोपरला आत्याकडे राहायला आले. गावची शाळा सातवीला संपत होती. एसटी सुटताना बाबा खिडकीशी एवढंच म्हणाले, "थंय शिकाक गावतला. हंय काय आसा?"

गावात राहिलेल्या मैत्रिणींना अजून वाटतं, मुंबईला गेलेल्यांना सगळं मिळालं. म्हणून काय मिळालं ते लिहिते.

नववीत असताना शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. विज्ञानाचे सर त्यासाठी प्रशिक्षण घेऊन आले होते. आपली मुलगी कॉम्प्युटर शिकते, हे बाबांनी बाजारात भेटेल त्याला सांगितलं. दसऱ्याला मुख्याध्यापकांनी यंत्रांची पूजा केली. पडद्यांना झेंडूचे हार, कळफलकांवर हळदकुंकू आणि मूठभर अक्षता. सुट्टीनंतर एका यंत्राच्या कळा दबेनात. मुख्याध्यापकांनी वर्गावर येऊन आदेश वाचला: विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरला हात लावू नये.

मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, "सर, तांदूळ तुम्ही टाकलेत."

आत्याला शाळेत बोलावणं आलं. संपात घरातली गिरणीची नोकरी गेल्यापासून ती जेवणाचे डबे करून घर चालवत होती. ती पोळ्या अर्धवट टाकून आली. मुख्याध्यापकांनी तिला आधी माझा उद्धटपणा सांगितला, मग म्हणाले, "बाई, ही सरकारी वस्तू आहे. बिघडली तर मला जाब विचारतील."

"मग सरकारने ती पोरांना दिली की तुमच्या कपाटाला?"

मला माफी मागायला सांगण्यात आलं. आत्याने मागू दिली नाही. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, मेल्यांनी पूजेआधी बोलावलं असतं तर तांदूळ निवडून तरी दिले असते.

दुसरा कॉम्प्युटर चालू होता. तरीही दहावी संपेपर्यंत आम्ही पुठ्ठ्यावर काढलेल्या कळांवर बोटं फिरवली. सर फळ्यावर चौकोन काढत आणि पडद्यावर काय दिसलं असतं ते त्यात खडूने लिहीत. तपासणीला साहेब आले त्या दिवशी यंत्रांवरची आवरणं निघाली. ते गेले, आवरणं पुन्हा चढली. परीक्षेत कॉम्प्युटरचे फायदे विचारले होते. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मे १९८८ मध्ये बाबा मला गावी परत न्यायला आले. त्यांना आधी यंत्र बघायचं होतं. खोलीला कुलूप होतं. शिपायाने बाहेरून खिडकी ढकलून दिली. बाबांनी चपला काढल्या आणि गजांतून आत बघत हात जोडले.

"ह्येच्यार शिकलंस?"

मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चपला पायात घातल्या. म्हणाले, "चल, घराक जाव्या."

गावात कॉम्प्युटर नव्हता. इथे होता आणि कोणी जाब विचारेल या भीतीने झाकून ठेवला होता. म्हणजे या शहरात कुठेतरी उघडाही असणार; मी इथेच राहायचं ठरवलं. घर कुठलं असं कोणी विचारलं की तेव्हापासून मी घाटकोपर सांगते.

बाबा एकटे परत गेले. जूनमध्ये मुलुंडच्या एका खासगी क्लासात मी पहिली कळ दाबली.