आईच्या आईचं नाव

आई ठाण्याच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती, विमानं बंद होती आणि मी परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घरात भिजवलेल्या पोह्यांकडे बघत उभी होते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. संकट आलं की आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत म्हणून आई दरवर्षी तिथे जाते. मी कधी फारसं मानलं नाही. पण गरज पडली की देव आठवतो, तसं माझं झालं. बरं, मलिदा एकटीने खायचा नसतो, आणि लॉकडाउनमध्ये बोलावणार कोणाला? शेवटी डबा घेऊन सायकलने आउडरकेर्कच्या जुन्या ज्यू दफनभूमीपाशी गेले. लांबलांबचे लोक तिथे कबरींवर खडा ठेवून प्रार्थना करतात. फाटकाशी आठवलं, कबरींपाशी खायचं नसतं. मला रडूच कोसळलं.

आतून एक आजोबा बाहेर आले, त्यांनी हात धुतले आणि काय झालं म्हणून विचारलं. सगळं ऐकून म्हणाले, "बाकावर बसू, लांब लांब. मी प्रार्थना करतो. आईचं नाव?"

"राहेल सॅम्युएल."

"सॅम्युएल तिचे कोण?"

"नवरा." आपल्याकडे बाईच्या नावापुढे तेच लागतं.

"नवरा नको. आजाऱ्यासाठी मागताना त्याच्या आईचं नाव घेतात."

ते मला माहीतच नव्हतं. आजीला सगळे बाय म्हणत. हॉस्पिटलबाहेर थांबलेल्या दादाला फोन केला, त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने सिस्टरला विचारायला लावलं. कालपासून आईने डोळे उघडले नव्हते. सिस्टर कानाशी म्हणाली, "मावशी, तुमच्या आईचं नाव काय?" आईने डोळे उघडले आणि मास्कमधून म्हणाली, "मिल्का."

आजोबांनी 'राहेल, मिल्काची मुलगी' म्हणून प्रार्थना केली, मलिदा खाल्ला आणि निघून गेले. संध्याकाळी आईने पेज मागितली.

हे काय होतं, मला अजून उमगत नाही. औषधं चालू होतीच. शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठीही कोणीतरी मागितलं असेल, त्या गेल्या. एलियाहू अनोळखी माणसाच्या रूपात येतो म्हणतात. आजोबांचं नाव विचारायचं राहिलंच. मी तर नुसता डबा घेऊन गेले होते, मागायचं कसं तेही दुसऱ्यानेच सांगितलं.

विमानं सुरू झाल्यावर आईला खंडाळ्याला नेलं. खडकाला हात लावून तो ओठांना लावत ती म्हणाली, "त्या दिवशी कोणीतरी बायचं नाव काढलं गं. वाटलं, तीच आलीय. म्हणून डोळे उघडले."

मीही खडकाला हात लावला, आणि बराच वेळ काढला नाही.