रसीलाची उतरवलेली पाच वर्षं

जामनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून रसीला राहायची, बांधणी बांधणारी. आई तिची लवकर गेली. धाकटा भाऊ भीखू डाउन सिंड्रोमचा. त्याला न्हाऊमाखू घालण्यात, बोलायला शिकवण्यात हिचं लग्नाचं वय निघून गेलं बघ. मग फईनं, म्हणजे आत्यानं, किरीटचं स्थळ आणलं आणि हिचं वय सरळ पाच वर्षांनी उतरवलं. "मुलापेक्षा मोठी सून कोण करून घेईल?" शाळेचा दाखला नव्हताच. आधार कार्डावरही तेच चढलं.

पुढं दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीण पारुलबेननं सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. बाळ भीखूसारखं असायची शक्यता किती, ते त्यातनं कळतं म्हणे. निकाल ऐकायला सासू रळियातबा बरोबर.

पारुलबेन म्हणाली, "शक्यता कमी आहे. रक्त, सोनोग्राफी आणि तुमचं तेहतीस वय, तिन्ही धरून काढलंय."

बा लागल्या पेढ्यांचं बोलायला. रसीला मात्र त्या तेहतीसवरच अडकली. हा निकाल तेहतिशीच्या कुणा बाईचा होता, तिचा नव्हताच! खरं वय सांगावं तर बा समोरून हलायला तयार नाहीत.

"बा, माझ्या चपला बाहेर आहेत, कुणी नेल्या की काय, बघा ना."

"नेल्या तर नेल्या. तुटक्याच होत्या."

"पाणी तरी आणा."

"समोर तांब्या आहे की. डोळे फुटले का?"

तिनं किरीटला फोन लावला, निकाल बरोबर वाटत नाही म्हणाली. तो म्हणाला, "डॉक्टर ठीक म्हणाली ना? मग कशाला किडे काढतेस?"

तिला असा संताप आला! फोन पदरात टाकला आणि म्हणाली, "बेन, माझं वय अडतीस आहे. तेच धरा."

बा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अडतीस? म्हणजे माझ्या किरीटपेक्षा मोठी?"

पारुलबेननं पुन्हा हिशोब केला. शक्यता वाढली. वर म्हणाली, "तरी ही शंकाच, उत्तर नाही. पक्कं कळायला पुढची तपासणी लागेल. करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण लवकर."

"म्हणजे एवढं ओकून माझ्या हाती शंकाच?" रसीला म्हणाली.

रिक्षात बा फुगून बसल्या. मध्येच म्हणाल्या, "नाव तरी रसीलाच ना? की तेही फईनंच ठेवलंय?"

घरी तर तमाशाच. बांनी फोनवर फईची पूजा बांधली, किरीटनं ताट सरकवलं. सगळ्यांच्या तोंडी वय, वय आणि वय. पोटातल्याचं कुणी नावही घेईना.

शेवटी रसीला कडाडली, "भीखूला मी वाढवलंय, तसल्या पोराला मी भीत नाही. पण मला कळायला हवं. भीखूच्या वेळी आई गडबडून गेली होती, मला तसं नाही व्हायचं. सकाळी तपासणीचं विचारायला जायचंय. येतोस का?"

किरीट भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आधी मला फसवलंस, त्याचं बोल."

"ते जन्मभर बोलत बस," ती म्हणाली. "तपासणी काही जन्मभर थांबायची नाही."

आणि सकाळी एकटीच गेली.