पाय धुण्याची परात

काल माळा आवरताना पितळी परात सापडली. कणकेला बरी आहे, मुलगी म्हणाली. मी नको म्हणाले.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत राबणारे बाबा रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये उपासना चालवायचे. एकदा बाहेरून पाहुणे येणार होते, स्वतःला प्रेषित म्हणवणारे. बाबांनी आईची ही परात मागून घेतली, नवा टॉवेल आणला. "येशूनं शिष्यांचं पाय धुतलं. आज प्रेषित आमचं धुणार की," ते सगळ्यांना सांगत होते. सकाळी त्यांनी आपल्या काळ्या टाचा दगडानं घासघासून लाल केल्या होत्या.

प्रेषित खुर्चीत बसले. परात बघताच त्यांनी बूट काढले आणि आपलेच पाय पुढे केले.

बाबा जरा थांबले. मग गुडघे टेकून त्यांनी ते पाय धुतले, पुसले. लोक "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले, मोठ्यानं. तेव्हा मला बाबांचा अभिमान वाटला होता. आज त्या आमेनची लाज वाटते.

"ह्यात आता कणीक मळणार न्हाय मी," घरी आल्यावर आई म्हणाली. घासलेल्या टाचा अंगाखाली लपवून बाबा जेवायला बसले.